फायनलच्या दिवशीची ड्युटी

सिस्टर — ते बसा-बिसा नंतर. आधी सांगा, मी आहे कुठे?

मेकॅनिक — चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये, आजी. मी चौथ्यावर उभा आहे. बाहेरचा दरवाजा माझ्या चावीने उघडलाय. जाळीतून तुमच्या चपला दिसतायत, बरोबर माझ्या छातीच्या उंचीला.

सिस्टर — आजी कुणाची? मला ना मूल ना नातवंडं. चाळीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी केली, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी अख्खी इमारत मला सिस्टरच म्हणते.

मेकॅनिक — बरं, सिस्टर. लिफ्ट थांबली कधी?

सिस्टर — हाफटाइमला दूध आणायला उतरले होते. पिशवी घेऊन वर येत होते, तर हिने एक गचका दिला आणि बसली मटकन. सातव्या मजल्यावर माझा टीव्ही चालू आहे. रिकाम्या खुर्चीला फुटबॉलची फायनल दाखवतोय.

मेकॅनिक — श्वासाला त्रास? चक्कर वगैरे?

सिस्टर — नाडी बघितली मघाशी. ब्याऐंशी. फायनलच्या मानाने उत्तम. आता तुम्ही ही जाळी सरकवा. मी खाली बसून पाय सोडते, तुम्ही धरून उतरवा. झालं काम.

मेकॅनिक — अजिबात नाही. तुमच्या पायांखाली आणि माझ्या पुढ्यात चार मजले खोल खड्डा आहे. मधेच लिफ्ट हलली तर? माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अडकलेला माणूस लिफ्टमध्ये सुखरूप असतो. त्याचा घात होतो तो बाहेर काढणाऱ्याच्या घाईने.

सिस्टर — शहाणे होते उस्ताद. आमच्याकडेही तोच नियम. ओढायचं नसतं. मग आता?

मेकॅनिक — गच्चीवर मशीनची खोली आहे. तिथे जाऊन ब्रेक सैल करायचा आणि चाक हाताने फिरवायचं. लिफ्टमध्ये एकच माणूस असला की दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेलं वजन जड पडतं, त्यामुळे ती आपणहून वर सरकते. पाचव्याला लावून देतो. दहा मिनिटांचं काम.

सिस्टर — मग उभे काय राहिलात?

मेकॅनिक — खोलीला कुलूप आहे. किल्ली तुमच्या सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी मागच्या गल्लीतल्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यासमोर. वॉचमनला पाठवलंय.

सिस्टर — वॉचमनला! त्याचा गुडघा माझ्या गुडघ्यापेक्षा म्हातारा आहे. आणि सेक्रेटरी आत्ता पडद्यासमोरून उठेल? घराला आग लागली तरी म्हणेल, शिट्टी वाजू द्या.

मेकॅनिक — बसा तुम्ही. पिशवी बाजूला ठेवून टेकून बसा. आणि… कानात काय घातलंय ते?

सिस्टर — कॉमेंट्री. आत चित्र येत नाही, पण आवाज येतो. एक कान तुम्हाला, एक कान मॅचला. सांगू का, काय चाललंय?

मेकॅनिक — नको! एक अक्षर नको.

सिस्टर — का हो? त्यांच्या बाजूचे आहात की काय?

मेकॅनिक — काहीतरीच काय बोलता! युनिफॉर्मच्या आत काय घातलंय बघितलंत तर कळेल. सकाळी सहापासून अंगात आहे.

सिस्टर — आपल्या टीमचा शर्ट? आतून? चोरटं प्रेम केल्यासारखं?

मेकॅनिक — वरून घातला तर लोक विचारतात, स्कोअर काय. मला सांगता येत नाही. मी बघत नाही, ऐकत नाही, कुणाला विचारत नाही. आजची ड्युटी माझी नव्हतीच. दुसऱ्याची होती. त्याला म्हटलं, जा तू मैदानावर, मी करतो.

सिस्टर — तो तर पायाच पडला असेल.

मेकॅनिक — त्याला वाटलं, मी मोठ्या मनाचा आहे. कसलं मोठं मन! आज चार इमारतींतून फोन आले. प्रत्येक ठिकाणी आधी जिन्यात उभं राहून सांगितलं, टीव्हीचा आवाज कमी करा, नाहीतर लिफ्ट तशीच राहील.

सिस्टर — आमच्या वॉर्डाच्या बाहेरही असले नवरे असायचे. आत बायको कळा देतेय, आणि हे कानांत बोटं घालून व्हरांड्यात येरझाऱ्या घालतायत. बाळ झालं की सगळ्यांत दमलेले तेच. अहो, कळा टाळून काय होतं? सोसायच्याच असतात त्या.

मेकॅनिक — तुमचं वेगळं. तुम्ही बघितलं तर त्रास तुम्हाला होतो. मी बघितलं तर त्रास टीमला होतो.

सिस्टर — म्हणजे?

मेकॅनिक — मी पनवती आहे.

सिस्टर — तुम्ही?

मेकॅनिक — हिशोबच आहे. आजवर चार फायनल बघितल्या, चारही हरलो. एकदाच जिंकलो, त्या वर्षी मी टायफॉइडने दवाखान्यात पडलो होतो. शुद्धीवर आलो तर शेजारच्या खाटेवरचा माणूस नाचत होता.

सिस्टर — अकरा खेळाडू त्यांचे, अकरा आपले, एक रेफरी, लाइनवरचे दोघे. त्या सगळ्यांना बाजूला सारून मॅच फिरवायची ती तुम्ही. एवढं वजन असतं ना तुमचं, तर ही लिफ्ट नुसत्या तुमच्या दमाने वर गेली असती.

मेकॅनिक — हसा. सगळे हसतात.

सिस्टर — हसत नाही, औषध देतेय. ऐका. आपला गोलकीपर आहे ना, तो माझ्या हातचा.

मेकॅनिक — काय सांगता!

सिस्टर — पायाळू होता. आधी पाय आले, मग बाकीचा. तासभर घाम काढला त्याने आमचा. त्याची आई विचारत होती, अपशकुन तर नाही ना? मी म्हटलं, बाई गं, पोराला चालायची घाई आहे, बाकी काही नाही. आज बघा. म्हणून सांगते, अजिबात काळजी करू नका, आज आपण जिंकतोय. सत्तर मिनिटं झाली आणि एक-शून्यने पुढे…

मेकॅनिक — सिस्टर!

सिस्टर — अरे देवा. निघून गेलं तोंडातून.

मेकॅनिक — नको म्हटलं होतं ना मी! हात जोडून सांगितलं होतं!

सिस्टर — हात जोडलेले दिसले नाहीत मला, जाळी आहे मध्ये. आणि चांगलंच आहे की. पुढे आहोत. पहिल्या हाफमध्येच मारला, हेडरने. कॉर्नरवरून आला आणि…

मेकॅनिक — काय झालं? गप्प का झालात? सिस्टर?

सिस्टर — काही नाही.

मेकॅनिक — वरच्या मजल्यावर कुणीतरी काहीतरी आपटलं आत्ता. सांगा मला.

सिस्टर — बरोबरी झाली. फ्रीकिक होती. भिंतीला लागून वळली.

मेकॅनिक — बघितलंत? बघितलंत ना? सत्तर मिनिटं टिकलं. मला कळलं आणि दोन मिनिटांत गोल! आता आणखी काय पुरावा हवा? मी खाली जातो. खाली जाऊन थांबतो. किल्ली आली की वर येईन.

सिस्टर — जा. एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला हवेत लटकत ठेवून खुशाल जा. उस्तादांनी तेही शिकवलं असेल.

मेकॅनिक — …नाही जात.

सिस्टर — फोन वाजतोय तुमचा.

मेकॅनिक — वाजू दे.

सिस्टर — दुसरी लिफ्ट असेल अडकलेली.

मेकॅनिक — कामाचा नाही. घरचा आहे. सकाळपासून सातवा.

सिस्टर — सात वेळा करणाऱ्याला काहीतरी सांगायचं असतं. बायको?

मेकॅनिक — धाकटा भाऊ.

सिस्टर — आजारी आहे?

मेकॅनिक — ठणठणीत आहे. बोलणं नाही फारसं आमचं. लग्नकार्यात भेटलो तर, कसा आहेस, बरा आहे. अकरा वर्षं झाली.

सिस्टर — अकरा वर्षांपूर्वीच तर आपली मागची फायनल होती.

मेकॅनिक — …हो.

सिस्टर — बरं, नका सांगू. मी आपली मॅच ऐकते.

मेकॅनिक — आम्ही दोघं गेलो होतो. त्याची पहिलीच फायनल. परगावी नोकरीला होता तो, रात्रभर बसने प्रवास करून आला. मीच बोलावलं होतं. शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत पुढे होतो, आणि तेवढ्यात तो उठला. कशाला, तर माझ्यासाठी पाणी आणायला. माझ्या घशाला कोरड पडली होती. तो जिन्यापर्यंत पोचला नाही, तोवर गोल. परत येऊन बसला आणि दुसरा.

सिस्टर — आठवतोय तो दिवस. नाइट ड्युटीवर होते मी. चार बाळं झाली आणि एकाही बापाने पेढा… एकही बाप हसला नाही.

मेकॅनिक — तर मी त्याला बोललो. सगळ्यांदेखत.

सिस्टर — काय बोललात?

मेकॅनिक — सोडा.

सिस्टर — मी कुठे जाणार आहे? ऐकून घेणारं माणूस असं कुलूपबंद मिळत नाही पुन्हा.

मेकॅनिक — म्हटलं, पांढऱ्या पायाचा आहेस तू. इथे आलास आणि टीम गेली. आणि… घरात आलास तेव्हा आई गेली.

सिस्टर — आई कशी गेली?

मेकॅनिक — त्याच्या जन्माच्या वेळी आई गेली आमची. मी सात वर्षांचा होतो. बाबांची पाळी असायची गिरणीत, तर त्याला मीच सांभाळला. दूध पाजणं, आंघोळ, शाळेत सोडणं, सगळं. आणि मीच बोललो. तो काही म्हणाला नाही. पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, आणि गेला. मी ते पाणी प्यायलो, सिस्टर. तहान लागली होती म्हणून तिथेच उभं राहून सगळी बाटली प्यायलो.

सिस्टर — आणि मग?

मेकॅनिक — मग काय? घरी आल्यावर हिशोब मांडला. म्हटलं, त्याने तर ही एकच फायनल बघितली. मी चार बघितल्या. मग पनवती कोण?

सिस्टर — म्हणजे त्याला दिलेलं नाव स्वतःला घेतलंस. माफी मागायचं सोडून. आता मी तुला अरे-तुरेच करणार. ऐक नीट. चाळीस वर्षांत माझ्यासमोर नऊ आया गेल्या. नऊही आठवतात. कुणाला रक्तस्राव झाला आणि त्या गटाचं रक्त मिळालं नाही. कुणाचं ब्लडप्रेशर वाढलं. कुणाला घरच्यांनी फार उशिरा आणलं. कारण असतं, बाबा. दर वेळेला असतं. केसपेपरवर मी माझ्या हाताने लिहायची. बाळाची वेळ, बाळाचं वजन, रडलं की नाही. पायाचा रंग लिहायला रकाना नसतो त्यात.

मेकॅनिक — माहितेय मला.

सिस्टर — तुला माहितेय. त्याला माहितेय का?

मेकॅनिक — एवढा मोठा झाला. चौतीस वर्षांचा आहे. कळत नसेल का त्याला?

सिस्टर — कळणं वेगळं आणि थोरल्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. अशी पोरं मोठी झालेली बघितलीत मी. वाढदिवसाला घरात सगळे हळू बोलतात, तेवढं पुरतं त्यांना. कुणी काही बोलायची गरजच नसते. तू तर बोललास.

मेकॅनिक — पुन्हा वाजतोय.

सिस्टर — घे मग.

मेकॅनिक — थांबा, वॉचमन ओरडतोय खालून. काय रे? …मिळाली? दुसऱ्या मजल्यावरच थांब, गुडघा नको मोडूस, मी येतो घ्यायला! …मिळाली किल्ली, सिस्टर. सेक्रेटरीने सगळा जुडगाच फेकला म्हणे अंगावर. दहा मिनिटांत बाहेर काढतो तुम्हाला.

सिस्टर — थांब. शिट्टी झाली. एक-एक.

मेकॅनिक — जादा वेळ?

सिस्टर — या स्पर्धेत नसतो. सरळ पेनल्ट्या.

मेकॅनिक — बरं झालं. मी किल्ली घेतो आणि गच्चीवर जातो. मशीनच्या खोलीत काही ऐकू येत नाही.

सिस्टर — त्याचा फोन अजून वाजतोय. बारा मजले चढ-उतर कर, पण आधी तो घे. नाहीतर मी इथून उतरणार नाही. सांगून ठेवते, आत बसून जाळी धरून ठेवीन.

मेकॅनिक — …हॅलो.

धाकटा — दादा? दादा, उचललास? बरं झालं. दादा, ऐक, फोन ठेवू नकोस. मी मैदानावर आलोय.

मेकॅनिक — कुठल्या मैदानावर?

धाकटा — फायनलला. ऑफिसातल्याने तिकीट दिलं. मी नको म्हणत होतो, पण… आलो. सकाळपासून तुला फोन करतोय. विचारायचं होतं.

मेकॅनिक — काय विचारायचं होतं?

धाकटा — आत बसू का.

मेकॅनिक — म्हणजे?

धाकटा — मी आत गेलोच नाही अजून, दादा. जिन्यात उभा आहे. पहिला हाफ इथेच काढला. मधे दोन मिनिटं डोकावलो, बाराव्या रांगेपर्यंत गेलो, आणि त्यांचा गोल झाला. परत बाहेर आलो. आता पेनल्ट्या आहेत. तू सांगशील तसं करतो. तू म्हणालास तर सरळ बसस्टॉपवर जातो. चालत पाच मिनिटांवर आहे. राग येणार नाही मला, खरंच. फक्त सांग.

सिस्टर — स्पीकर लाव. आणि असा भिंतीला टेकू नकोस, बोल त्याच्याशी.

मेकॅनिक — …आत जा.

धाकटा — काय?

मेकॅनिक — आत जा. तुझी सीट कुठली?

धाकटा — तेरावी रांग, कडेची.

मेकॅनिक — तिथे जाऊन बस. डोळे मिटायचे नाहीत, पाठ फिरवायची नाही. सगळं बघायचं आणि मला सांगायचं. एक पण पेनल्टी सोडायची नाही.

धाकटा — पण दादा, जर…

मेकॅनिक — जर-तर नाही. मी ऐकतोय. माझ्यासोबत एक सिस्टर आहेत, लिफ्टमध्ये अडकल्यात, त्या पण ऐकतायत. चल, पाय उचल.

धाकटा — जातोय. …अहो, जरा सरकता का, माझी सीट आहे. …बसलो. दादा, किती माणसं आहेत रे. मला वाटलं होतं तेवढीच असतील, त्या वेळेएवढी.

सिस्टर — अहो धाकटे, मॅच सांगा! माझी कॉमेंट्री अर्धा मिनिट मागे आहे.

धाकटा — हो हो. आपण आधी मारणार. पहिला आपला… गेला! आत गेला! ऐकू आलं?

मेकॅनिक — ऐकू आलं. पुढे.

धाकटा — त्यांचा पण गेला. …आपला दुसरा, आत. …त्यांचा, आत. गोलकीपरचा हात लागला होता, दादा, बोटभर कमी पडलं.

सिस्टर — येईल, येईल, वेळेवर येईल तो. उशिरा निघायची सवय आहे त्याला जन्मापासून.

धाकटा — तिसरा आपला, कोपऱ्यात! त्यांचा पण, बरोबर मधोमध. तीन-तीन. दादा, आता बघवत नाही.

मेकॅनिक — मलाही ऐकवत नाही. जिन्याचा कठडा धरलाय मी. तू पण काहीतरी धर.

धाकटा — शेजारच्या काकांनी माझा हात धरलाय. ओळखत पण नाही मी त्यांना. …आपला चौथा. …वरून गेला. दादा, बारच्या वरून गेला.

मेकॅनिक — बस तू. उठू नकोस.

धाकटा — मी आत आलो म्हणून…

मेकॅनिक — मागे झुकून मारला असेल, म्हणून वरून गेला. झुकला होता का?

धाकटा — …हो. झुकला होता.

मेकॅनिक — मग झालं. त्यांचा चौथा सांग.

धाकटा — धावतोय… अडवला! दादा, अडवला! दोन्ही हातांनी अडवला!

सिस्टर — माझं पोर ते! माझं पोर!

मेकॅनिक — सिस्टर, उड्या मारू नका, लिफ्ट आहे ती! …पाचवा. पाचवा कोण मारतोय?

धाकटा — कॅप्टन. आता सगळे उभे राहिले. मला दिसत नाही… दिसतोय आता. बॉल ठेवला. मागे गेला. …खांब. खांबाला लागला, दादा.

मेकॅनिक — आत नाही गेला?

धाकटा — नाही. बाहेर आला. …आता त्यांचा. हा गेला तर संपलं.

सिस्टर — बघा. डोळे मिटू नका, धाकटे. आम्ही आहोत.

धाकटा — बघतोय. …गेला. गोलकीपर डावीकडे पडला, बॉल उजवीकडे गेला.

(फोनमधून दुसऱ्या बाजूच्या लोकांचा जल्लोष ऐकू येत राहतो.)

मेकॅनिक — आहेस ना?

धाकटा — आहे. मी सगळं बघितलं, दादा. सगळं शेवटपर्यंत.

मेकॅनिक — मीही सगळं ऐकलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा शेवटपर्यंत. मेलो नाही.

धाकटा — हरलो पण.

मेकॅनिक — हरलो. चौथा मागे झुकला, पाचव्याचा नेम चार बोटं चुकला आणि गोलकीपर उलट्या बाजूला पडला. तीन कारणं आहेत. चौथं कारण नाही. कळलं?

धाकटा — …हं.

मेकॅनिक — तू तिथेच थांब. मला एक लिफ्ट वर घ्यायची आहे. मग फोन करतो.

धाकटा — करशील ना?

मेकॅनिक — करतो म्हटलं ना.

सिस्टर — आता पळ. आणि किल्ली घे दुसऱ्या मजल्यावरून, नाहीतर तसाच गच्चीवर जाशील कुलूप बघायला.

मेकॅनिक — तुम्ही मधोमध बसा. जाळीला हात लावू नका. हलायला लागली की घाबरायचं नाही.

सिस्टर — मला घाबरवायला अजून काय उरलंय आज? जा.

मेकॅनिक — …सिस्टर! ऐकू येतंय का? मी मशीनच्या खोलीतून ओरडतोय, दार उघडं ठेवलंय! वीज बंद केली, ब्रेक सोडतोय आता!

सिस्टर — ऐकू येतंय! अख्ख्या इमारतीला येतंय!

मेकॅनिक — हलतेय का?

सिस्टर — हलतेय! आपल्या फॉरवर्ड लाइनपेक्षा बरी हलतेय! …पाचव्याची फरशी दिसायला लागली! …गुडघ्याएवढी राहिली! …वीतभर! …बस! बस कर! लागली!

मेकॅनिक — दरवाजा उघडू नका! मी येतोय! …हां. या. हात द्या. आधी डावा पाय. आली का फरशी पायाखाली?

सिस्टर — आली. असा दिसतोस होय तू. आवाजावरून मला वाटलं, पन्नाशीचा असशील.

मेकॅनिक — एक्केचाळीस. आजचे दहा धरून एक्कावन्न. पिशवी द्या इकडे, मी धरतो. दोन मजले चढायचेत, सावकाश जाऊ. आधी लिफ्टला पाटी लावतो.

सिस्टर — पाटी नंतर. दूधही नंतर, फाटलं तर फाटलं. इथे पायरीवर बसतेय मी. फोन कर.

मेकॅनिक — करतो की. तुम्हाला वर सोडून…

सिस्टर — चाळीस वर्षं बघितलंय मी. बाहेर यायच्या वेळी जे अडतं, ते नंतर सहज येत नाही. अर्धं बोललास मघाशी. फुटबॉलचं बोललास. दुसरं राहिलं.

मेकॅनिक — काय म्हणू? कशी सुरुवात करू?

सिस्टर — सुरुवात नसते त्याला. लाव.

मेकॅनिक — …हॅलो. निघालास का?

धाकटा — नाही. इथेच बसलोय. लोक निघाले. काहीजण अजून रडतायत. तू म्हणालास थांब, म्हणून थांबलो. सिस्टर निघाल्या बाहेर?

मेकॅनिक — निघाल्या. इथे पायरीवर बसल्यात. …ऐक. त्या दिवशी मी जे बोललो ना.

धाकटा — जाऊ दे ना, दादा. किती वर्षं झाली.

मेकॅनिक — जाऊ द्यायचं नाही. चुकलो मी. नुसता चुकलो नाही, खोटं बोललो. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. डॉक्टर बाबांना सांगत होते ते मी दाराआडून ऐकलं होतं. रक्त फार गेलं आणि वेळेवर मिळालं नाही. मला तेव्हापासून माहीत होतं. तुझ्यामुळे नाही गेली आई.

धाकटा — …

मेकॅनिक — ऐकतोयस?

धाकटा — इथे आवाज फार आहे, दादा. ते लोक ढोल बडवतायत. परत सांग.

मेकॅनिक — आई तुझ्यामुळे गेली नाही!

धाकटा — काय?

मेकॅनिक — आई! तुझ्यामुळे! गेली नाही! तू काही केलं नाहीस! तुला मांडीवर घेतलं म्हणून मी त्या घरात राहिलो, नाहीतर पळून गेलो असतो! ऐकू आलं का आता?

सिस्टर — दोन दरवाजे उघडले बघ वरचे. उघडू देत. तू बोल.

मेकॅनिक — अरे, ऐकू आलं का?

धाकटा — पहिल्यांदा म्हणालास तेव्हाच आलं होतं, दादा.